मासळीची कोयती आणि लोहाराचा पत्ता

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून गोदीतून निघालेली सुरमई, रावस अथवा घोळ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या बाजारांत पोचते तेव्हा ती अख्खी असते. तिचे खवले खरवडणे, कल्ले व पोट साफ करणे, कण्यालगत पाते चालवून मांस सोडविणे आणि काटा तोडून तुकड्या पाडणे, हे सारे काम मासळीवाली बाई गिऱ्हाइकासमोर करून देते. तिची कमाई जितकी मासळीवर, तितकीच तिच्या हातातल्या कोयतीवर आणि सुरीवर अवलंबून असते. ही हत्यारे घडविणाऱ्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

मोठ्या मासळीचे पाते घडविणे हे अडाण्याचे काम नव्हे. लोखंड फार कडक झाले तर काट्यावर आपटताच धारेचे टवके उडतात. मऊ राहिले तर दोन-चार मासे कापताच धार बसते. म्हणून धार कडक आणि पाठ चिवट ठेवावी लागते. काटा तोडणारी कोयती वजनदार हवी, तर मांस सोडविणारी सुरी पातळ आणि लवचीक हवी. मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून, त्याला नेमके पाणी देऊन लोहार हे साधतो. पाते किती तापले, हे तो त्याच्या रंगावरून ओळखतो. घिसाडी कुटुंबात नवरा सांडशीने पाते धरतो आणि बायको घण घालते. त्या घणाची मजुरी वेगळी कोणी मोजत नाही.

महाराष्ट्रात घिसाडी ही भटकी जमात म्हणून नोंदलेली आहे. भाता, ऐरण आणि बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारी ही कुटुंबे शहराच्या कडेला पाल ठोकतात आणि अतिक्रमणविरोधी मोहीम निघाली की सर्वांत आधी उठविली जातात. त्यात आता संशयाची भर पडली आहे. 2022-23 च्या सुमारास पुण्यात कोयते नाचवून दहशत माजविणाऱ्या टोळक्यांचा बोलबाला झाला आणि पोलिसांची नजर कोयते विकणाऱ्यांकडेही वळली. गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे. परंतु 1959 च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना नियम लावतानाही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाच्या पात्यांना सूट दिलेली आहे. कायद्याने केलेला हा भेद रस्त्यावरच्या शिपायाने पुसून टाकणे न्यायाचे नाही.

कायदा कारागिराच्या बाजूने आणखी एका ठिकाणी उभा आहे. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमात रस्त्यावर माल विकणाऱ्याबरोबर सेवा देणाराही येतो, आणि एका जागी बसणाऱ्याबरोबर फिरताही येतो. म्हणजे मासळीवाली जशी या कायद्याखाली येते, तसाच तिची कोयती घडविणारा व धार लावून देणारा लोहारही येतो. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठविता येत नाही, असे हा कायदा म्हणतो. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, असेही तो म्हणतो.

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहाराचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळते. परंतु अर्जाची पहिली छाननी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पातळीवर व्हायची आहे. ज्याचे पाल त्याच नगरपालिकेने काल उखडले, त्याने आज तिच्याकडे कोणता पत्ता घेऊन जावे? हातात हुन्नर आहे, सरकारदरबारी योजना आहे. दोहोंच्या मध्ये एक पत्ता आडवा येतो.

हे उल्हासनगरला कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. डोक्यावर छप्पर आणि नावापुढे पत्ता मिळताच त्या माणसांनी लहानलहान कारखान्यांचे शहर उभे केले. शेजारच्या अंबरनाथला 1953 पासून सरकारी आयुध निर्माणी आहे. पोलादाची पारख या परिसराला नवी नाही. जे निर्वासितांसाठी करता आले, ते आपल्याच मातीतल्या भटक्यांसाठी का करता येऊ नये?

मागणी मोठी नाही. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांनी पथविक्रेत्यांच्या नोंदीत घिसाडी व लोहार कुटुंबांची नावे घालावीत, प्रत्येक मासळीबाजाराशेजारी भट्टीसाठी एक जागा नेमून द्यावी आणि तोच पत्ता योजनेच्या अर्जासाठी ग्राह्य धरावा. पोलिसांनाही त्यामुळे कारागीर कोण आणि गुंड कोण हे कळेल. मासळीबाजाराच्या संघटनांनी ही मागणी आपली मानली पाहिजे. मासळीवालीची कोयती आणि लोहाराची ऐरण एकाच संसाराला लागतात.