विश्लेषण : हल्ल्याआधीच्या गुप्त सूचनांचा हिशेब सभागृहाला का मिळत नाही?

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. तिघे डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे आणि एक नवीन पनवेलचे. नवी मुंबईतील बोनकोडे या गावासाठी यातली दोन ठिकाणे शेजारचीच. पारसिकच्या डोंगरापलीकडे डोंबिवली, तर दक्षिणेला नवीन पनवेल. ठाणे खाडी ओलांडली की मुंबई, जिथे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले होते. दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला गेला : पूर्वसूचना होती का, आणि असेल तर तिचे काय झाले? प्रश्न विचारणारे आणि उत्तर लांबवणारे पक्ष मात्र मधल्या काळात बदलले होते.

प्रधान समिती कशी नेमली गेली?

मुंबईवरील हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख या तिघांना पद सोडावे लागले. अशोक चव्हाण यांच्या सरकारने ३० डिसेंबर २००८ रोजी दोन सदस्यांची समिती नेमली. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान तिचे अध्यक्ष होते, तर ‘रॉ’मधील निवृत्त अधिकारी व्ही. बालचंद्रन सदस्य.

ही समिती १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नव्हती. त्या कायद्याखालील आयोगाचा अहवाल कृती अहवालासह सहा महिन्यांत सभागृहात मांडावा लागतो. प्रशासकीय आदेशाने नेमलेल्या समितीला असे बंधन नसते. अहवाल कधी मांडायचा आणि मांडायचा की नाही, हे सरकार ठरवते. पुढचा सगळा वाद येथूनच सुरू झाला.

अहवाल मांडायला आठ महिने का लागले?

समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. जूनमध्ये पोलीस आयुक्त हसन गफूर यांची बदली झाली. त्याच महिन्यात विधिमंडळासमोर आला तो सरकारचा कृती अहवाल. मूळ अहवाल आला नाही. त्यातील माहिती सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील असल्याचे सरकारचे म्हणणे होते. शिवसेना आणि भाजप या विरोधी पक्षांनी संपूर्ण अहवालाची मागणी लावून धरली. मूळ निष्कर्ष न दाखवता त्यांवर काय केले एवढेच सांगणे म्हणजे प्रश्नपत्रिका लपवून उत्तरपत्रिका दाखवण्यासारखे होते.

ऑक्टोबर २००९ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पुन्हा सत्तेवर आली आणि आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अहवाल सभागृहासमोर आला तो डिसेंबरमध्ये, त्यातील मजकूर आधीच बाहेर फुटल्यानंतर. ज्या मतदारांनी ऑक्टोबरमध्ये सरकारचा निवाडा केला, त्यांच्यासमोर तो अहवाल नव्हता.

अहवालात काय होते, काय नव्हते?

गुप्त सूचना आल्याच नव्हत्या असे चित्र अहवालातून दिसले नाही. सूचना येत होत्या आणि समुद्रमार्गाने हल्ल्याची शक्यताही त्यांत होती. त्या एकत्र ठेवून त्यांचा अर्थ लावण्याची, त्यावर कोणी काय केले हे तपासण्याची नीट पद्धत गृह विभागात नव्हती, यावर समितीने बोट ठेवले. गोळ्यांच्या तुटवड्यामुळे शीघ्र प्रतिसाद पथकाचा गोळीबाराचा सराव थांबला होता, हेही नोंदवले. आयुक्तांच्या नेतृत्वावर टीका होती, मात्र अनेक पोलिसांच्या शौर्याची दखलही होती.

अर्धी गोष्ट मात्र राहिली. समिती राज्याची असल्याने केंद्रीय गुप्तचर यंत्रणा, नौदल किंवा तटरक्षक दल यांची चौकशी करण्याचा अधिकार तिला नव्हता. दिल्लीने कोणती सूचना कधी दिली आणि किती स्पष्टपणे दिली, हे ती तपासू शकली नाही. केंद्राने स्वतःचा स्वतंत्र चौकशी आयोग नेमला नाही. केंद्रातही काँग्रेसप्रणीत सरकारच होते.

कारगिलच्या वेळी चित्र उलट होते का?

होय. १९९९ च्या युद्धाच्या वेळी भाजपप्रणीत सरकार होते आणि काँग्रेस विरोधात होती. लोकसभा एप्रिलमध्येच विसर्जित झाली होती. विरोधकांनी राज्यसभेच्या विशेष अधिवेशनाची मागणी केली, पण सरकारने ती मान्य केली नाही. घुसखोरी वेळेत का कळली नाही, हा प्रश्न संसदेऐवजी निवडणूक प्रचारात गाजला.

सरकारने २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली. सुब्रह्मण्यम त्या वेळी सरकारच्याच राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक होते. त्यामुळे समितीच्या स्वतंत्रपणावर शंका घेतली गेली. तरी समितीला गुप्त कागदपत्रे पाहता आली आणि अहवाल २३ फेब्रुवारी २००० रोजी, काही भाग वगळून, संसदेत मांडला गेला. पुढे संरक्षण गुप्तचर संस्था आणि ‘एनटीआरओ’ ही तांत्रिक गुप्तवार्ता संस्था उभी राहिली ती याच प्रक्रियेतून. संवेदनशील भाग झाकून बाकीचा अहवाल खुला करता येतो, हे २००० मध्येच सिद्ध झाले होते.

पहलगामनंतर काय झाले?

काँग्रेसने संसदेचे विशेष अधिवेशन आणि कारगिलच्या धर्तीवर आढावा समिती, अशा दोन मागण्या केल्या. विशेष अधिवेशन झाले नाही. ‘ऑपरेशन सिंदूर’वर चर्चा झाली ती पावसाळी अधिवेशनात, जुलै २०२५ च्या अखेरीस. त्याआधी जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी एका मुलाखतीत सुरक्षेतील त्रुटीची जबाबदारी घेतली होती. पण मुलाखत म्हणजे चौकशी नव्हे.

२००९ मध्ये पारदर्शकता मागणारा भाजप आता सत्तेत आहे आणि तेव्हा गोपनीयतेचे कारण देणारी काँग्रेस आता उत्तर मागते आहे. चौकशीचा आग्रह पक्षाचा नसतो, तो विरोधी बाकाचा असतो. आणि बाके नेहमी बदलतात. बोनकोडे ज्यांचे गाव म्हणून ओळखले जाते ते गणेश नाईक २००८ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या मंत्रिमंडळात होते, आज ते भाजपच्या नेतृत्वाखालील सरकारात मंत्री आहेत. म्हणूनच ही जबाबदारी कोणा एका पक्षाच्या भरवशावर सोडता येत नाही.

संसदेला अधिकार नाहीत का?

मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, पण राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन उत्तर नाकारता येते. गृह आणि संरक्षण खात्यांसाठी स्थायी समित्या आहेत, पण गुप्तचर यंत्रणांच्या कामावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र संसदीय समिती नाही. गुप्तवार्ता विभाग (आयबी) ब्रिटिश काळापासूनचा, तर ‘रॉ’ १९६८ पासूनची. दोन्ही संसदेच्या स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेल्या नाहीत. माहिती अधिकार कायद्यातूनही त्या मोठ्या प्रमाणात वगळल्या आहेत. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये यासाठी खासगी विधेयक आणले होते, त्याचा कायदा झाला नाही.

समिती असली की राजकारण थांबते का?

नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९७६ पासून गुप्तवार्ता समिती आहे. इराक युद्धाआधीची माहिती चुकीची होती, असा अहवाल तिने जुलै २००४ मध्ये एकमताने दिला. पण सत्ताधाऱ्यांनी ती माहिती कशी वापरली, हा भाग नोव्हेंबर २००४ च्या निवडणुकीनंतर ढकलला गेला. नंतरही तो रखडला, तेव्हा १ नोव्हेंबर २००५ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाने नियमाचा आधार घेऊन सिनेटची बंद दाराआड बैठक घ्यायला लावली. शेवटचे अहवाल जून २००८ मध्ये आले, म्हणजे सिनेटमधले बहुमत बदलल्यानंतर.

निवडणूक पार पडेपर्यंत अडचणीची पाने मागे ठेवणे वॉशिंग्टनमध्येही घडले आणि महाराष्ट्रातही. फरक एवढाच की तिथे विरोधकांच्या हातात एक नियम होता. इथे घोषणाबाजी, सभात्याग किंवा फुटलेली प्रत.

मग काय बदलायला हवे?

गोपनीयतेची गरज खोटी नाही. खबऱ्याचे नाव किंवा दूरध्वनी टिपण्याची पद्धत उघड झाली तर पुढची सूचना मिळणारच नाही. पण कोणती पाने झाकायची हे ज्याची चूक तपासायची त्यानेच ठरवू नये. गोपनीयतेची शपथ घेतलेली सर्वपक्षीय समिती, मोठ्या हल्ल्यानंतर आढाव्याची सक्ती आणि झाकलेल्या स्वरूपातला अहवाल मांडण्याची ठरलेली मुदत, एवढे तीन नियम कागदावर आले तरी सरकार कोणाचेही असो, सबब कमी होईल. शिवाय केंद्र आणि राज्य या दोघांनाही एकत्र प्रश्न विचारता आले पाहिजेत. २००९ मध्ये मुंबईच्या समितीला दिल्लीकडे बोट दाखवता आले नाही, आणि त्या बाजूचा पूर्ण हिशेब आजही कोणत्याही सभागृहासमोर आलेला नाही.