तेलाचे धन आणि नगराचे कल्याण

समुद्राच्या पोटातून निघणारे तेल किनाऱ्यावरील गावांचे भाग्य उजळते काय? ब्राझीलमधील रिओ द जानेरो राज्याच्या किनारी पालिकांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे.

तेथील कांपुस खोऱ्यात १९७४ साली सागरी तेल सापडले. १९९७ च्या कायद्याने स्वामित्वधनाचा, अर्थात रॉयल्टीचा, दर ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आला. ज्या पालिकेच्या किनाऱ्यासमोर विहिरी येतात तिला मोठा वाटा मिळतो. साहजिकच कांपुस, माकाए, रिओ दास ओस्त्रास आदी नगरांच्या तिजोऱ्या भरून वाहू लागल्या.

परंतु खर्च झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे फ्रान्सेस्को कासेली व गाय मायकल्स यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, तेलसंपन्न पालिकांच्या हिशेबवह्यांत सार्वजनिक सेवांवरील खर्च वाढलेला दिसतो. प्रत्यक्षात मात्र सुविधा आणि कुटुंबांचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढलेले नाही. मधला पैसा गेला कोठे, हा प्रश्न अटळ आहे.

यामागील कारण आम्हांस असे दिसते : घरपट्टी भरणारा नागरिक हिशेब मागतो. तेलाचा पैसा मात्र कोणाच्या खिशातून आल्याचे जाणवत नाही, म्हणून जाब विचारणाराही उरत नाही. शिवाय हे उत्पन्न चंचल आहे. २०१४ च्या मध्यास पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली घसरला. तेव्हा कांपुसच्या पालिकेला पुढील वर्षांच्या स्वामित्वधनावर उचल घेण्याची पाळी आली.

याच राज्यातील मारिका नगराने निराळी वाट चोखाळली. २०१३ साली तेथे ‘मुंबुका’ हे स्थानिक चलन सुरू झाले. ते नगरातच खर्च करावयाचे असल्याने गरिबांना मिळालेले साहाय्य स्थानिक दुकानदारांच्याही हाती पडते. मोफत बससेवा आणि भावी पिढ्यांसाठी राखीव निधी हेही तेथील उपक्रम होत. अर्थात तेल आटल्यावर हा डोलारा टिकेल काय, याची कसोटी अद्याप लागावयाची आहे.

वाचकहो, मुंबई हायचे तेलही १९७४ मध्येच सापडले. मात्र आपल्या राज्यघटनेच्या २९७ व्या कलमानुसार सागरी खनिजसंपत्ती केंद्राची असल्याने आपल्या किनारी ग्रामपंचायतींना असा थेट वाटा नाही. तथापि २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद झाली, आणि गोव्यातील आपल्या बांधवांशी तिचा निकटचा संबंध आहे. तेथे ‘किती खर्च झाला?’ एवढ्यावर न थांबता, ‘किती घरांत पाणी पोहोचले?’ असे विचारणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.