‘आणि सहकारी’ म्हणजे नेमके कोण?

मुंबईत सत्तरच्या दशकात ॲटॉमिक फॉरेस्ट नावाचा एक रॉक बँड होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं नसेल, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पण या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ नावाची जी लाँग प्ले तबकडी निघाली, तिची जुनी प्रत कुठे सापडली तर परदेशातले संग्राहक घसघशीत किंमत मोजून ती घेऊन जातात. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. सोबत बँडचं इतर जुनं रेकॉर्डिंगही शोधून जोडलं. म्हणजे वाजवणारे आपले, ऐकणारे आपले, आणि जपून ठेवलं कुणी, तर सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी. यावर अभिमान वाटावा की राग यावा हे ज्याचं त्याने ठरवावं. मला राग येतो. त्या रागाचा आपल्या शहराशी थेट संबंध आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी सायकेडेलिक रॉक म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्को आणि लंडनकडून आलेलं हे संगीत. गिटारचा आवाज मुद्दाम फाटलेला, घुमणारा. गाणं तीन मिनिटांत न संपता लांबत जाणारं, ऐकणाऱ्याला तंद्री लागावी असं. त्यात नशेचा भाग होता, तो नाकारून चालणार नाही. १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला येऊन राहिले, हिप्पी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि इकडच्या कॉलेजातल्या पोरांच्या हातात गिटार आली. ‘सिमला’ सिगारेटच्या कंपनीने बँडची देशभर स्पर्धाच भरवली, सिमला बीट. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या. त्यात शिलाँगचे, मद्रासचे, मुंबईचे बँड होते. सिगारेट विकायला काढलेल्या त्या दोन तबकड्या आज या सगळ्या पिढीचा पुरावा होऊन बसल्या आहेत. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा संगीत मेळावा झाला. पुढच्या वर्षी लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्यातल्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांबरोबर वाजवून गेले. जगातला त्या वेळचा सर्वांत मोठा रॉक बँड आणि कुलाब्याची पोरं, एकाच स्टेजवर!

आता ॲटॉमिक फॉरेस्टकडे येऊ. कीथ कांगा हा त्याचा कर्ताधर्ता. गिटारवर नील चट्टोपाध्याय, गायला मधुकर धास. नुसती आडनावं वाचली तरी तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे येते. पण हा संच कायम नव्हता. माणसं येत गेली, जात गेली. गायकही बदलला. याच बँडमध्ये गाऊन गेलेल्यांपैकी एक होते नंदू भेंडे.

भेंडे म्हटल्यावर जुन्या वाचकांचे कान टवकारले असतील. हो, तेच. ‘झोपी गेलेला जागा झाला’वाल्या आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. वडील मराठी फार्सचे बादशहा आणि मुलगा केस वाढवून इंग्रजी रॉक गाणारा, हा मामला तेव्हाच्या दादर-गिरगावात किती जणांना पचला असेल देव जाणे. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईच्या रंगभूमीवर आणलं, त्यात नंदू भेंडे ज्युडास झाले. आणि १९७८ मध्ये पु. लं.नी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून लिहिलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी बसवलं, त्यात ते गायले, नाचले, संगीतालाही हात लावला. मराठी नाटकात ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार असे राजरोस वाजले, त्यामागे हा रॉकवाला माणूस होता. आपण ‘तीन पैशाचा तमाशा’चं कौतुक करतो ते पु. लं.चं आणि जब्बारांचं. करायलाच पाहिजे. पण त्यातला तो आवाज स्लिप डिस्कच्या पिढीतून, सायकेडेलिक बँडच्या तालमीतून आला होता, हे कोण सांगतं? एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आत्माराम भेंडे गेले. बापाने मुलाचं जाणं पाहिलं.

माणसं का बदलायची? उत्तर अगदी आपल्या ओळखीचं आहे. पोट. इंग्रजी रॉक वाजवून पैसे मिळायचे ते हॉटेलात, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये, नाहीतर डिस्कोथेकमध्ये. हॉटेलने करार संपवला की बँड फुटला. परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर आणायचं तर आयात कर एवढा की घर गहाण पडावं. ज्याच्याकडे वाद्य तो बँडमध्ये, वाद्य विकलं की तो बाहेर. कुणी फिल्मच्या रेकॉर्डिंगला गेला, कुणी बँकेत चिकटला, कुणी परदेशी. ‘ऑब्सेशन ७७’च्या नावात ७७ आहे, पण पॉलिडोरने ती बाजारात आणली १९८१ मध्ये. तोवर ‘कुर्बानी’ येऊन गेला होता आणि गल्लोगल्ली डिस्को वाजत होता. फाटक्या गिटारची तंद्री कुणाला हवी होती?

माणसं बदलणं हा काही दोष नाही. पिंक फ्लॉइडचंच बघा. ज्याच्या डोक्यातून तो बँड उगवला तो सिड बॅरेट १९६८ मध्येच बाहेर पडला, मानसिक आजारपणाने खचून. १९८५ मध्ये रॉजर वॉटर्स बाहेर पडला आणि मग नाव कुणाचं यावरून प्रकरण कोर्टात गेलं. उरलेल्यांनी नाव ठेवलं, वाजवत राहिले. पण कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुठल्या गाण्यात कुणाचा हात, हे सगळं तिकडे लिहून ठेवलेलं आहे. इंग्लंडातला शाळकरी पोरगाही सांगेल.

नावाचा वाद आपल्याकडे कोर्टात जात नाही. आपण जास्त हुशार. भागीदार फुटला की तो पाटीवर पुढे ‘न्यू’ लावतो. लग्नाच्या बँडच्या पाट्या बघा, जुन्या ऑर्केस्ट्रांची पत्रकं बघा. ‘न्यू’ दिसलं की समजायचं, इथे कधीतरी भांडण झालंय. (माणसं बदलली आणि नाव तेच राहिलं, ही बँडची गोष्ट. माणसं तीच आणि नाव बदललं, ही आपल्या शहराची. २०२३ पासून पत्ता सांगताना आपण अजून अडखळतो. असो, तो विषय आज नको, कमेंटमध्येही नको.)

तर आपलं शहर. गुलमंडी, राजाबाजार, नागेश्वरवाडी, पुढे सिडको-हडको, इथल्या गणेश मंडळांपुढे रात्र रात्र ऑर्केस्ट्रा चालायचे. कर्णपुऱ्याच्या यात्रेत चालायचे. किशोरदांची गाणी, रफीची गाणी, मध्येच मिमिक्री. एप्रिल उजाडला की भीमगीतांच्या गायन पार्ट्या वस्त्यावस्त्यांत. खुलताबादच्या उरुसात कव्वाली. लग्नसराईत बँड. मुंबईच्या कुठल्याही रॉक बँडने आयुष्यात पाहिले नसतील एवढे श्रोते या लोकांनी एकेका रात्रीत पाहिले. आणि यांचीही माणसं त्याच कारणांनी बदलत गेली. वाळूजला कंपनीत लागला, सुटला. रिक्षा घेतली, सुटला. ऑक्टोपॅड विकला, सुटला.

फरक एवढाच की ॲटॉमिक फॉरेस्टची निदान तबकडी निघाली. यांच्या कॅसेट निघाल्या त्या मंडपात टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या. पत्रकावर नाव मुख्य गायकाचं, खाली ‘आणि पार्टी’, नाहीतर ‘आणि सहकारी’. प्रायोजकाचा फोटो, नगरसेवकाचा फोटो, नगरसेवकाच्या पुतण्याचा फोटो, सगळं पत्रकावर मावतं. ढोलकीवाल्याच्या नावाला जागा नसते. दुसऱ्या दिवशी बातमीतही तेच, ‘त्यांना सहकाऱ्यांनी समर्थ साथ दिली.’ या ‘समर्थ साथ’ने किती माणसं गिळली याचा हिशोब कुणी करावा!

वीसेक वर्षं वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांत ऑक्टोपॅड वाजवलेले एक चाचा जुन्या शहरात राहतात. मागच्या वर्षी त्यांच्याकडे गेलो होतो. कुठल्या ऑर्केस्ट्रात कोण कोण होतं ते विचारलं, तर माणूस सुटला. बेस कोण, ब्राँगो कोण, कोण दारूपायी गेला, कोणाची बहीण गायची आणि लग्नानंतर बंद झाली. एका तासात निदान तीस नावं. मी म्हटलं, चाचा, हे लिहून ठेवलंय का कुठं? हसले. “अपना नाम कौन लिखता भाई? पोस्टर पे तो सिंगर रहता.” घरातल्या कॅसेटींचं विचारलं. दोन घरं बदलताना गेल्या म्हणाले. उरल्यात त्यातल्या काहींना बुरशी.

यातला खरा धोका हाच आहे. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. उष्णतेने, दमटपणाने खराब होते, चिकटते, आवाज उडतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात वाजवणारी माणसं आज सत्तरीत आहेत. कॅसेट आणि माणूस दोन्ही एकाच वेळी हातातून चाललेत. आणि आपल्याकडे लॉस एंजेलिसहून कुणी येणार नाही. ते येतात तबकडी असते तिथे. मुंबईच्या चरणजित सिंग यांची १९८२ ची सिंथेसायझरवरच्या रागांची तबकडी अशीच एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि म्हातारपणी त्यांचं जगभर नाव झालं. ती सापडली कारण ती एचएमव्हीने छापली होती. गुलमंडीच्या मंडपातली कॅसेट कुठल्या डच माणसाला सापडणार?

म्हणून सरळ मागणी करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, पत्रकारितेचा विभाग आहे. एक खोली द्या. दोन चांगले कॅसेट डेक, एक संगणक, एक स्कॅनर. दरवर्षी आठ-दहा विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून जुन्या वादकांच्या मुलाखती घ्यायला लावा, गुण द्या. महापालिकेने वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या निमित्ताने जो मांडव पडतो त्यात मोठ्या नावांच्या आधी अर्धा तास या माणसांना द्यावा, पाहुणे म्हणून नव्हे, वाजवायला. मानधन देऊन. आणि पत्रकं, फोटो गोळा करायला बळवंत वाचनालयासारखी जुनी संस्था आहेच. यात कोट्यवधीचं काही नाही.

मला माहीत आहे, आता कुणीतरी लिहिणार, ‘दादा, आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही आणि तुम्हाला ऑक्टोपॅड सुचतोय.’ पाण्यावर मी वर्षभर लिहितो, पुढेही लिहीन. पण एक सांगा, पाणी आलं नाही म्हणून गणपती बसवायचा थांबवलात? लग्नातला बँड थांबवला? पैसा तिथे जातोच आहे. फक्त तो डीजेच्या भिंतीला जातोय, ज्यात वाजवणारा माणूसच नाही. मंडळांनी एक साधी गोष्ट करावी, जिला एक पैसा लागत नाही. यंदाच्या पत्रकावर ‘आणि सहकारी’ छापू नका. पाच जण असतील तर पाच नावं छापा, वाद्यासकट. नगरसेवकाच्या पुतण्याचा फोटो एक इंच लहान होईल, बास.

काही जण म्हणतात, हे लोक दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे, त्यात जपण्यासारखं काय? अहो, तेव्हाचे मुंबईचे रॉक बँडही बहुतांशी दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. हेंड्रिक्सचं गाणं मुंबईत वाजलं की ते थोडं मुंबईचं व्हायचं. रफीचं गाणं राजाबाजारात वाजलं की ढोलकीवाला त्यात आपलं काहीतरी घालायचाच, तेच तर ऐकायला लोक उभे राहायचे.

आता कामाचं. या पोस्टखाली नावं लिहा. मुख्य गायकाचं नको, ते सगळ्यांना पाठ आहे. मागे बसलेल्यांची लिहा. नाव, वाद्य, मोहल्ला, पार्टी किंवा ऑर्केस्ट्रा, साधारण साल. हयात असतील तर त्यांना विचारून लिहा, फोन नंबर मात्र उघड टाकू नका, मला इनबॉक्स करा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी मंडपात कुठलं गाणं पुन्हा पुन्हा वाजायचं ते लिहा. साल आपण काढू.