नर्सीच्या वाटेवर राजवाडे

हिंगोली जिल्ह्यांत नामदेवमहाराजांच्या नर्सीस आम्ही निघालों, तेव्हां बरोबरच्या पदवीधर भाच्यानें विचारलें, "मामा, संतांनीं महाराष्ट्र पंगू केला असें राजवाड्यांचें मत, मग आपण कशाला जातों?"

आम्हीहि एके काळीं तो निकाल घोकीत असूं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची जुनी पोथी छापून तिच्या भाषेचें व्याकरण रचलें. आणि त्यांनींच संतांचा धर्म नुसता सहिष्णु, समर्थांचा तेवढा जयिष्णु, असा भेद केला. न्यायमूर्ति रानड्यांनीं तर १९०० सालीं मराठ्यांच्या उदयाचें श्रेय ह्याच संतांस दिलें होतें. १९२६ सालीं राजवाडे निवर्तले. त्यांच्या 'साधनां'च्या २२ खंडांचा मान टिकला. संतांवरचा निकाल मात्र पुढील अभ्यासकांनीं तसाच्या तसा पत्करला नाहीं.

भाच्यास आम्ही एवढेंच म्हटलें कीं, नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या गुरुग्रंथसाहेबांत आहेत, आणि तो ग्रंथ मस्तकीं धरणारांच्या हातची तलवार कांहीं गळली नाहीं.

तो बराच वेळ गप्प होता. परततांना म्हणाला, "राजवाड्यांचें तें व्याकरण आपल्या घरीं आहे का?"

आहे, आमच्या वडिलांच्या पेटींत.