विषमतेचा आलेख मुलांना काढता आला पाहिजे

भारतात राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. ही विषमता दर वेळी जातीचे नाव घेऊन समोर येत नाही. पुष्कळदा ती अर्जावरच्या एका आकड्याच्या रूपाने येते. तो आकडा वाचायला आपली मुले शिकली आहेत काय?

गणितात 'बरोबर' असेल तर समीकरण, आणि 'पेक्षा कमी' किंवा 'पेक्षा जास्त' असेल तर असमानता. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. त्यात आलेखही आहे. असमानतेचा आलेख मात्र अकरावी-बारावीसाठी ठेवला आहे. दहावीनंतर गणित सुटले की तो कायमचा सुटला. आणि गणित कोणाचे सुटते, हे सांगायला हवे काय? कायद्याची भाषा तर सगळी 'पेक्षा कमी नसावे' आणि 'पेक्षा अधिक नसावे' अशीच असते. वकिली करताना हे मी रोज पाहतो.

उदाहरण घरातलेच घेऊ. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख झाली. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही ती अडीच लाखच राहिली. वडिलांचे वार्षिक उत्पन्न क्ष लाख आणि आईचे य लाख माना. अट झाली: क्ष + य ≤ २.५. आलेखावर (२.५, ०) आणि (०, २.५) हे बिंदू जोडा. रेषा मिळाली. आता कोणती बाजू रंगवायची?

बहुतेक ठिकाणी मुलांना घोकवले जाते की 'कमी' म्हणजे खालची बाजू. हे चूक आहे. क्ष − य ≤ २ घेतले तर वरची बाजू येते. म्हणून बिंदू तपासून पाहावा. (०, ०) घाला. शून्य अडीचपेक्षा कमी आहे, म्हणून शून्याची बाजू आपली. गुरुजी सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. कालाम सुत्तात तथागतांनी हेच सांगितले आहे.

दुसरी गोष्ट रेषेची. अडीच लाख किंवा कमी असेल तर शिष्यवृत्ती, अडीच लाखांहून अधिक असेल तर फ्रीशिप. बरोबर अडीच लाख असेल तर? पहिल्या अटीत 'किंवा बरोबर' आहे, म्हणून रेषा अखंड काढायची. ती शिष्यवृत्तीच्या बाजूची. दुसऱ्या अटीत ती तुटक. एवढे ज्याला कळले, त्याला खिडकीवरचा बाबू फसवू शकणार नाही.

आता वडील मोंढ्यात हमाली करतात, आई बांधकामावर जाते, असे धरा. दोघांना रोज ४०० रुपये, वर्षाला ३०० दिवस काम. उत्पन्न २,४०,००० रुपये. बिंदू रेषेच्या आत. रोज ४२५ मिळाले तर २,५५,००० रुपये, बिंदू बाहेर. प्रत्येकी पंचवीस रुपये मजुरी वाढली आणि मुलाचा निर्वाह भत्ता गेला. फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भागते, पण खोलीभाडे आणि खानावळ कोण देणार? महागाईबरोबर मजुरी सरकते, रेषा मात्र वर्षानुवर्षे जागच्या जागी. हा अन्याय भाषणात सांगितला तर टाळ्या मिळतात. आलेखावर काढला तर मुलालाच दिसतो, आणि त्याचे उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते.

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात शिकली, तीही बहुतांशी शिष्यवृत्तीच्या आधारावर. त्या पिढीतल्या शिक्षकांनी, अभियंत्यांनी रविवारी विहारात आठवी ते दहावीच्या मुलांसमोर बसावे. आलेखाची वही, पट्टी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज एवढे साहित्य पुरे. उत्पन्नाची मर्यादा महागाईनुसार वाढावी ही मागणी आपण करूच. पण त्या निवेदनाला मुलांनी स्वतः काढलेले आलेख जोडलेले असावेत.

जयभीम!