राखणदार गेले आणि रान उजाडले

रान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. पण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्राच्या पोटातही रान होते. होते असेच म्हणायला हवे. कारण दहातला नऊ हिस्सा दोन-तीन वर्षांतच गेला. कोणी कुऱ्हाड चालवली नाही की वणवा लागला नाही. मग गेले कसे, ती हकीकत शेतकऱ्याने ऐकण्याजोगी आहे.

या रानातले मुख्य झाड म्हणजे बुल केल्प नावाचे प्रचंड शेवाळ. झाड आपले म्हणायचे. त्याला मुळे नसतात. मुठीने धरावे तसे ते तळच्या खडकाला घट्ट धरून असते. तिथून दोरासारखा दांडा वर निघतो, टोकाला कांद्यासारखा पोकळ फुगा, आणि त्यावर लांबलचक पट्ट्यांसारखी पाने. हे पीक ज्वारीसारखे वर्षाचे. एका हंगामात 60 फुटांवरही वाढते आणि हिवाळ्यातल्या लाटांनी उपटून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा बीजाणूपासून सुरुवात. त्याचे खत खोल समुद्रातून येते. वाऱ्याने वरचे पाणी बाजूला सारले की खालचे थंड पाणी वर चढते, आणि नत्र असते ते त्या पाण्यात.

त्याच खडकांच्या कपारीत अर्चिन नावाचा प्राणी राहतो. धोत्र्याचे बोंड जांभळे असते तर कसे दिसले असते, तसा. तोंडात पाच दात, आणि ते असे की खडकही खरवडून काढतील. हा काही परका नव्हे, तिथलाच जुना रहिवासी. केल्पची गळालेली पाने वाहत दाराशी येत, ती खाऊन तो कपारीत गप्प बसून असे. बाहेर पडायची सोय नव्हती, कारण बाहेर राखणदार होते.

पहिला राखणदार समुद्री पाणमांजर. तो दिवसाला आपल्या वजनाच्या चौथाईएवढे खातो आणि भरलेले अर्चिन त्याच्या आवडीचे. पण त्याची लव फार दाट, म्हणून कातड्याला मोठे मोल आले. रशियनांनी 1812 साली याच किनाऱ्यावर फोर्ट रॉस वसवले ते पाणमांजरांच्या शिकारीसाठी. पाणमांजरे संपली. तरी रान उभे राहिले, कारण दुसरा राखणदार शाबूत होता. सूर्यफूल तारामासा हे त्याचे नाव. वीस-चोवीस हात आणि रुंदी हात-दोन हात.

2013 साली ताऱ्यामाशांत रोग शिरला. हात पिळवटायचे, गळून पडायचे आणि काही दिवसांत सगळे शरीर विरघळून जायचे. रोगाचे मूळ 2025 साली सापडले : पटकीच्या जंतूच्या कुळातलाच एक व्हिब्रिओ जंतू. तोवर सूर्यफूल तारामासा त्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला होता. त्यातच 2014 ते 2016 या काळात समुद्र तापला. थंड पाणी वर येईना, केल्पला नत्र मिळेना. दाराशी येणारी पाने थांबली, तसे अर्चिन कपारीबाहेर पडले. त्यांची संख्या पूर्वीच्या 60 पट झाली.

कपाशीवर जहाल औषध मारले की माव्याआधी ढालकिडे मरतात आणि मग मावा कसा फोफावतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

टोळधाड निदान पीक खाऊन पुढे जाते. अर्चिन जात नाही. सगळे चाटूनपुसून झाले तरी तो तिथेच बसतो, वर्षानुवर्षे उपाशी जगतो, आणि केल्पचा नवा कोंब दिसला की तो खातो. आतून मात्र रिकामा होतो. दक्षिणेकडे माँटेरेच्या उपसागरात पाणमांजरे अजून आहेत. तिथल्या अभ्यासात दिसले की ती उरलेल्या हिरव्या पट्ट्यांतले भरलेले अर्चिन खातात, उजाड खडकावरच्या पोकळ अर्चिनांना शिवत नाहीत. रान टिकून आहे तिथे राखणदार रान राखतो. पुरते उजाड झाले की राखणदार आणून सोडला तरी त्याला तिथे खायला काय?

माणसांचेही हाल झाले. ॲबलोन नावाची मोठी शंखवर्गीय गोगलगाय केल्पवरच जगते. श्वास रोखून बुडी मारायची आणि ती काढायची, हा तिथल्या कुटुंबांचा पिढ्यांचा रिवाज. ॲबलोन उपासमारीने मेली आणि 2018 पासून ती काढायला बंदी आली. फोर्ट ब्रॅग गावचे पाणबुडे तांबड्या जातीचे अर्चिन काढून विकत. त्यांच्या पोटातली पिवळी गाभोळी जपानी लोक आवडीने खातात. जांभळ्यांपुढे तांबड्यांनाही चारा उरला नाही, आणि रिकामे अर्चिन कोण घेणार?

प्रयोगशाळेत सूर्यफूल तारामासे वाढवण्याची खटपट चालू आहे. फोर्ट ब्रॅगच्या नोयो खाडीत 2020 साली जांभळे अर्चिन वेचायला माणसे उतरवली, शेतातले तण काढावे तशी. ती माणसे म्हणजे काम गेलेले तेच पाणबुडे. पूर्वी त्यांना भरलेल्या अर्चिनाचे पैसे मिळत. आता पोकळ अर्चिन बाहेर काढण्याचे मिळू लागले.