सक्ती सर्वांना, आस्था कोणालाच नाही

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी की वैद्यकीय? दोन्ही न जमल्यास वाणिज्य. वृत्तपत्रांची पाने शिकवणीवर्गांच्या जाहिरातींनी भरतात, लाखांच्या शुल्काची तजवीज होते. या गदारोळात नदी, माती, अरण्य आणि हवा यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास विद्यापीठात करता येतो, ही गोष्ट मुलांच्या कानावरही पडत नाही. याला केवळ माहितीची उणीव म्हणता येणार नाही. शिक्षणव्यवस्थेने तीन दशकांहून अधिक काळ जोपासलेल्या दांभिकतेचे हे फळ आहे.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडली, तेव्हा २००३ साली न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. तो तयार करण्याच्या कामाची धुरा पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एराक भरुचा यांनी वाहिली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा अनिवार्य विषय आला. कागदोपत्री सारे काही झाले.

प्रत्यक्षात काय झाले? विषय श्रेणीपुरता उरला. ज्या शिक्षकाचा तास रिकामा, त्याच्या गळ्यात तो पडला. ‘पाणी वाचवा’ हा निबंध आणि कोणाच्या तरी वहीतून उतरवलेला प्रकल्प, एवढ्यावर वर्ष उरकले जाते. जे सर्वांना सक्तीचे, ते कोणालाच महत्त्वाचे वाटेनासे झाले. पर्यावरण म्हणजे बिनअभ्यासाची श्रेणी, अशी ज्याची बारावीपर्यंत खात्री पटली, तो मुलगा विद्यापीठात त्याच विषयाच्या विभागाची पायरी का चढेल?

वास्तविक हे विभाग आपल्या अंगणात आहेत. पुणे विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था १९८२ पासून कार्यरत आहेत. तेथे घोषणा शिकवत नाहीत. पाण्यातील प्राणवायू मोजणे, उपग्रहचित्रांवरून जमिनीचा वापर ताडणे, सांख्यिकीच्या आधारे प्राण्यांची संख्या काढणे आणि पर्यावरणाचे कायदे वाचणे, असा तो कठोर अभ्यास आहे. गणित आणि रसायनशास्त्र ज्याला नकोसे वाटते, त्याने तिकडे वळूच नये.

अहवाल कोणी लिहायचे?

‘नोकरी कुठे आहे?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. या पदवीला अभियंत्याइतका पगार सर्रास मिळतो, असे सांगणे फसवणूक ठरेल. पण कामच नाही, हा समज साफ खोटा आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, त्यावर जनसुनावणी होते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती हवी आणि लोकांच्या सहभागाने नोंदवही हवी. हे काम इतके रेंगाळले की राष्ट्रीय हरित लवादाला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून, ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरण्याचा इशारा द्यावा लागला. गावातील वनस्पती ओळखणारी प्रशिक्षित माणसे गावात असती, तर ही वेळ आली असती काय?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. डोंगराचा उतार, मातीची जाडी आणि पावसाचा जोर यांचा मेळ घालून धोका आधी ओळखणारे स्थानिक तज्ज्ञ तालुक्यातालुक्यात तयार करणे, हे काम कोणाचे? एकीकडे प्रत्येक प्रकल्पाला आंधळा विरोध, दुसरीकडे प्रत्येक शंकेखोराला विकासविरोधी ठरवण्याची घाई. या दोन आरोळ्यांमध्ये अभ्यासाचा आवाज हरवतो. अभ्यासक नसले की वाद घशाच्या जोरावर सुटतात.

पर्यावरण हे परदेशी खूळ आहे, असे मानणाऱ्यांनीही थोडे मागे पाहावे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. ग्रामदेवतेच्या धाकाने कुऱ्हाड न पडलेल्या त्या तुकड्यांत मूळ अरण्याचे अवशेष टिकून असल्याचे त्यांनी शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिले. पूर्वजांनी श्रद्धेने राखले, अभ्यासकांनी ते मोजून जगापुढे ठेवले. आज श्रद्धा ओसरली आहे. मोजणारेही घडले नाहीत, तर देवरायांचे केवळ फलक उरतील.

दारे उघडा

म्हणून दोष एकट्या विद्यार्थ्यांना देऊन भागणार नाही. विद्यापीठांचे विभाग आपल्या प्रयोगशाळा कुलूपबंद ठेवून विद्यार्थी येत नाहीत म्हणून उसासे टाकतात. त्यांनी वर्षातून काही दिवस तरी नववी ते बारावीच्या मुलांना आत घ्यावे, मुळा-मुठेचे वा पंचगंगेचे पाणी त्यांच्या हातांनी तपासून घ्यावे. शाळांनी सहलीचा एक दिवस मनोरंजन उद्यानाऐवजी या विभागांना द्यावा. क्षेत्रभेटीवाचून पदव्या वाटणाऱ्या महाविद्यालयांनाही जाब विचारलाच पाहिजे. आणि पालकांनी अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी मुलांना एकदा तरी अशा विभागात न्यावे. मुलगा अभियंता झाला तरी बिघडणार नाही. पण निवड करताना त्याला हा मार्ग ठाऊक तरी असला पाहिजे.

मातृभूमीला वंदन करणाऱ्या समाजाला त्या भूमीची माती तपासता येऊ नये, तिच्या नद्यांचे अहवाल दूरच्या कचेरीत बसून परक्यांनी लिहावेत, याहून मोठी नामुष्की कोणती?